पाणी घालण्याआधी

माझ्या मॉन्स्टेराचं पहिलं पान पिवळं पडलं ते जुलैत. पुण्यात आठवडाभर ऊन नव्हतं, दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नव्हते. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. रोज एक तांब्या घालायचे, त्याचे दोन केले. आणखी दोन पानं पिवळी पडली, म्हणून वर खतही घातलं. पंधरवड्यात खोड बुडाशी मऊ लागायला लागलं आणि कुंडीला आंबूस, कुजका वास सुटला. झाड उपसलं, तर मुळं तपकिरी. एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तशी वरची साल अलगद निसटली आणि हातात नुसता दोरा उरला. कुंडी चिनी मातीची होती, देखणी, पण तळाला भोक नव्हतं. ते झाड मी माझ्या हातानं बुडवलं, याचं आजही वाईट वाटतं.

पान तहानेनंही पिवळं पडतं आणि पाणी जास्त झालं तरीही. नुसतं पान बघून पाणी घालू नका. कुंडीत दोन पेरं बोट घाला. माती ओली लागली तर त्या दिवशी पाणी नाही. माझ्याकडे उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा लागतं, पावसाळ्यात कधी दहा-बारा दिवस लागत नाही.

मॉन्स्टेरा दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या रानांतला. आपल्या घराघरांतला मनी प्लांटही परकाच, प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटाचा. कोकणात पोफळीवर मिरीचा वेल चढतो, तसे हे दोघे खोडाला मुळं रोवत वर जातात. मुळांना मोकळ्या हवेची सवय. चिकट मातीत सतत पाणी राहिलं की ती गुदमरतात आणि कुजतात. म्हणून मी आता मातीत कोकोपीट, नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि थोडा लाकडी कोळसा मिसळते. तळाला भोक तर हवंच.

आणि आधार द्या. काठीला काथ्या गुंडाळून कुंडीत रोवा, काथ्यावर अधूनमधून पाणी शिंपडा. टांगलेल्या कुंडीतून लोंबणाऱ्या मनी प्लांटची पानं तळहाताएवढीच राहतात. आमच्या सोसायटीतल्या आंब्यावर चढलेल्याची सुपाएवढी आहेत, कडेनं चिरलेली. उजेड भरपूर असावा, पण दुपारचं थेट ऊन नको, पानं करपतात.

त्या कुजलेल्या झाडाचा वरचा शेंडा अजून टणक होता. मी आधी घाईनं दोन पानं देठाशी कापून पाण्यात ठेवली. ती महिनाभर हिरवी राहिली, पण कोंब काही आला नाही. देठाला डोळा नसतो. तो खोडाच्या पेरावर असतो. मग पेरासकट तुकडा कापला, त्याला तीन आठवड्यांत पांढरी मुळं फुटली. आज खिडकीत आहे तो तोच.

कापताना हातमोजे घाला. ही सगळी अळूच्या कुळातली झाडं. चिकात सुईसारखे स्फटिक असतात, त्वचेला खाज सुटते. मुलानं पान चावलं तर तोंडाची आग होते, ओठ सुजतात. लगेच तोंड पुसून धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. शेजारची दीड वर्षांची चिमुरडी आमच्याकडे रोज खेळायला येते. माझी कुंडी आता तिचा हात पोचणार नाही अशा उंच स्टुलावर आहे.