‘संपली’ म्हणणाऱ्यांचं गाव

नागपूरहून कोल्हापूरला शिकायला निघालेल्या पोरापोरींना घरचे एकच प्रश्न विचारतात : तिथलं तिखट झेपेल का? सावजी खाऊन वाढलेल्या आम्हा लोकांना हा प्रश्न म्हणजे सरळसरळ अपमान. तरी उत्तर देऊन टाकते. झेपतं. तांबड्या रश्श्यात मसाला पुष्कळ असतो, पण तो जिवावर उठणारा नसतो. आणि शेजारच्या वाटीत नारळाचं दूध, काजू, खसखस घातलेला पांढरा रस्सा असतो, त्यात लाल तिखटाचा कणही नसतो. लालभडक तवंगाची ‘व्हेज कोल्हापुरी’ मला तरी इथल्या एकाही घरात ताटात दिसली नाही.

फसायला होतं ते वेगळ्याच ठिकाणी. बाजारात, अवेळी आणि रात्री.

महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियाहून कोल्हापूरपर्यंत तेराशेहून जास्त किलोमीटर धावते आणि राज्याची हद्द ओलांडत नाही. तरी उतरल्यावर मला परमुलखात आल्यासारखं वाटलं होतं. मिसळीबरोबर पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस, राजारामपुरीतल्या गल्ल्यांना नावाऐवजी नंबर, आणि कॉट बेसिसच्या खोलीतली गडहिंग्लजची पार्टनर म्हणते, “तू बस, मी चहा घेऊन येतो.” विद्यापीठात प्रवेश घेणारे बहुतेक जण येतात जून-जुलैत, म्हणजे ऐन पावसात. कोल्हापूर बघायला सुरुवात करण्याचा हा सगळ्यात वाईट मोसम, आणि नवीन माणसाला दम कुठला असतो?

पहिल्याच आठवड्यात चप्पल घ्यायची हे नागपूरलाच ठरलेलं. शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाईनीत ज्या दुकानात शिरले तिथला माणूस फार गोड होता. पावसात चालेल का? चालेल. रोज कॉलेजला घातली तर? चालेल की. धुतली तर? धुवा की बिनधास्त. किंमत निम्म्यावर आली तेव्हासुद्धा त्याचं हसू कमी झालं नाही. थोड्याच दिवसांत एका भिजलेल्या संध्याकाळी टाचेकडचा थर उचकटला. आत चामडं नव्हतंच. राखाडी पुठ्ठा होता, नखाने खरवडला तर लगद्यासारखा निघणारा. वर तपकिरी रेक्झिन, मध्ये सोल्युशनचा पिवळा चिकट थर. कडेची शिलाई फक्त वरच्या थरातून फिरवलेली, खालपर्यंत पोचलीच नव्हती.

पार्टनर मला सुभाषनगरला एका कारागिराकडे घेऊन गेली. चांगली चप्पल विकत घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी काय सांगावं? “आत्ता न्हाई घ्यायची. दिवाळी झाल्यावर या.” मला ते उद्धट वाटलं. दिवाळीनंतर गेले तेव्हा त्यांनी कागदावर पाऊल ठेवायला लावून पेन्सिल फिरवली आणि तयार जोड हातात देऊन म्हणाले, “वाकवून बघा.” टाच पंजाला टेकेपर्यंत वाकवली, तरी वर एक रेघ उमटली नाही. कडेला चामड्याचे थर एकावर एक मोजता येत होते, आणि त्यातून आरपार गेलेली चामड्याचीच वादी. खिळा कुठे नाही. नाकाशी धरली तर तेलाचा आणि कातड्याचा वास, सोल्युशनचा नाही. तळाला म्हशीचं कातडं, कमावलेलं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात. ही चप्पल पाणी सहन करत नाही, आणि असं तोंडावर सांगणारा दुकानदार भेटला तर तिथेच थांबावं. नवी असताना चावते. थोडं तेल चोळून सुरुवातीला घरात संध्याकाळपुरती घालायची, मग पायाचा आकार धरते.

२०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. म्हणजे कर्नाटकातल्या अथणीकडची चप्पल ‘डुप्लिकेट’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. डुप्लिकेट ते पुठ्ठ्याचं. २०२५ च्या जूनमध्ये मिलानमध्ये प्राडाच्या फॅशन शोमध्ये आपल्याच घडणीच्या चपला दिसल्या, त्यावर मोठा गदारोळ झाला आणि ज्यांनी कधी कोल्हापुरी घातली नव्हती तेही चौकशी करू लागले. मागणी वाढली की पुठ्ठाही वाढतो, तेव्हा वाकवून बघायला लाजू नका.

त्या कारागिराच्या ‘आत्ता न्हाई’ने माझी या गावाकडे बघायची नजर बदलली. नंतर लक्षात येत गेलं की कोल्हापुरात ज्याच्याकडे माल खरा आहे तो बरेचदा नाहीच म्हणतो. मिसळवाला म्हणतो, संपली. खानावळवाला म्हणतो, आज मटण नाही. रिक्षावाला म्हणतो, “चालत जावा की ताई, हितंच हाय.” ज्याच्याकडे सगळं सदासर्वकाळ मिळतं त्याच्याशी जपून.

मिसळ सकाळची. उद्यमनगरात फडतऱ्यांकडे किंवा कसबा बावड्यात बावडा मिसळीला जायचं तर नाश्त्याच्या वेळेला जा, रांगेत उभं राहायची तयारी ठेवा. संध्याकाळी सातला ‘झणझणीत कोल्हापुरी मिसळ’ची पाटी लावून बसलेल्याकडे जे मिळतं तो सकाळचा कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, पाणी घालून वाढवलेला असू शकतो. कट वेगळा मागितला की वाढतात, पण पहिल्या दिवशी उपाशीपोटी दोनदा कट घेऊन मर्दुमकी दाखवू नका. समोरचं शेंबडं पोरगं तुमच्या दुप्पट खात असतं आणि त्याला तुमचं कौतुक नसतं.

मटणाचे वार बुधवार, शुक्रवार आणि रविवार. इतर दिवशी मिळत नाही असं नाही, पण या दिवशी माल खपतो, म्हणून ताजा असतो. मटण हा इथे चेष्टेचा विषय नाही. २०१९ च्या अखेरीला दर वाढले म्हणून लोकांनी चक्क आंदोलन केलं, बैठका झाल्या, पेपरात रोज बातम्या. असं गाव तुम्हाला वाईट मटण सहसा देणार नाही. पण हायवेवरच्या, बसगाड्या थांबणाऱ्या ठिकाणचं ‘स्पेशल कोल्हापुरी ताट’ त्या गावात मोडत नाही. ताट आलं की आधी पांढरा रस्सा गरम आहे तोवर प्या. रस्सा पुन्हा वाढतात, मटण वाढत नाहीत; हे आधी विचारलं की बिलावरून वाद होत नाही. रक्ती (बकऱ्याच्या रक्ताची भाजी) खायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी खाते.

बाजाराचं थोडक्यात. महाद्वार रोडला साज, ठुशी, चिंचपेटी घ्याल ती एक ग्रॅमच्या मुलाम्याची असते, ती तशीच समजून घ्या; सोनं घ्यायचं तर गुजरीत, हॉलमार्क बघून, आई बरोबर असताना. गूळ उन्हाळ्यात शोधू नका. गुऱ्हाळं सुरू होतात दिवाळीच्या आसपास. करवीर-कागलकडचा कुणी वर्गमित्र असेल तर त्याच्याशी आत्तापासून गोड बोला, काकवी तिथेच खायची असते. फिकट, जवळजवळ पांढऱ्या गुळाच्या मोहात पडू नका, तो रंग बहुतेक वेळा हायड्रॉस या रसायनाचा. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवती खरेदीला जाणं म्हणजे नुसतं ढकलत राहणं. तेव्हा फक्त देवीला जा, पैसे आणि मोबाईल पुढच्या खिशात.

आता रात्र. मोठ्या शहरातून येणारे विचारतात, इथे नाईट लाईफ काय? डिस्को वगैरे शोधत बसू नका. इथली रात्र खाण्याची आणि कट्ट्यावर बसून बोलण्याची आहे. खासबागेजवळ खाऊगल्ली आहे, तिथे भेळ खावी. शेजारीच शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधून घेतलेलं कुस्तीचं मैदान आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये आगीत जळालेलं केशवराव भोसले नाट्यगृह. रंकाळ्यावर चौपाटीकडच्या बाजूला घरची माणसं मुलंबाळं घेऊन बसलेली असतात. मुलींनी तिथे बसायला हरकत नाही, आम्ही कितीदा बसलो. मागच्या, सामसूम बाजूला रात्री उशिरा ‘फोटो छान येतात’ म्हणून जाऊ नये. फुटबॉलच्या मोसमात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना असेल त्या संध्याकाळी कुठल्या पेठेत कुणाची बाजू घेऊन बोलताय याचं भान ठेवा. मी ‘दोन्ही चांगले’ म्हणते.

गंगावेशीच्या दूध कट्ट्याबद्दल जरा सविस्तर, कारण तिथे मी एका धडधाकट माणसाला आडवं झालेलं पाहिलंय. तिथे म्हशी रस्त्याच्या कडेलाच उभ्या असतात. तुम्ही सांगितलं की गवळी ग्लास घेऊन खाली बसतो, धार काचेवर वाजते, फेस ग्लासाच्या वर येतो आणि तो फेसाळ, अंगाइतका कोमट ग्लास तुमच्या हातात. अमरावतीचा आमचा एक वर्गमित्र रविवारचं मटणाचं ताट हाणून थेट तिथे आला होता. गवळी मामांनी विचारलं, “कुठलं गाव?” मग, “जेवण काय केलंसा?” उत्तर ऐकून म्हणाले, “मग आज नगं. न्हायतर अर्धाच घ्या.” ह्याने दोन पूर्ण ग्लास रिचवले, मिशी पुसली, व्हिडिओ काढून घेतला. पहाटे आम्ही त्याला सलाईन लावून बसलो होतो. मटणावर दूध बाधतं असं आमची आजीही म्हणायची. ते किती खरं ते सोडून द्या, पण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस, क्षयासारखे आजार येऊ शकतात आणि डॉक्टर ते उकळूनच प्या म्हणतात. इथल्या पैलवानांचं बघून आपल्या पोटाचा अंदाज बांधता येत नाही. कट्टा बघायला जरूर जा. प्यायचंच असेल तर तापवलेलं मसाला दूध घ्या.

दारूबद्दल कुणी सांगत नाही म्हणून सांगते. महाराष्ट्रात बिअरला वयाची अट २१ ची आणि दारूला २५ ची, त्यामुळे पदवीला असलेली बहुतेक मुलं कायद्याने दोन्हींत किंवा एकात तरी बसत नाहीत. त्याहून मोठा घोळ गोव्याचा. इथून आंबोलीमार्गे गोवा जवळ, शनिवार-रविवारी गाड्या काढून पोरं जातात आणि येताना स्वस्त म्हणून बाटल्या डिकीत टाकतात. गोव्यात विक्रीसाठी असलेली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. राज्य उत्पादन शुल्कवाले या रस्त्यांवर गाड्या तपासतात, आणि मग गाडीही अडकते. ती गाडी बहुतेक वेळा मित्राच्या वडिलांची असते.

परत येण्याचं आधी ठरवून बाहेर पडा. केएमटीच्या सिटी बस रात्री लवकर विरळ होतात. सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, रात्री उतरलात तर रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवा, खोलीचा पत्ता नुसता ‘राजारामपुरी’ असा सांगू नका, गल्लीचा नंबर सांगा. नाहीतर रिक्षावाले मामा पहिल्या गल्लीपासून फिरवत आणतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. मालकीणबाईंचा गेटचा नियम पहिल्या दिवशी विचारून घ्या. आमच्या काकू दहाला कुलूप लावायच्या, पण आधी फोन केला तर जाग्या राहायच्या आणि वर “जेवलीस न्हवं?” विचारायच्या. न सांगता सव्वादहाला येणारी पायरीवर बसायची. एकट्या अडकलात तर ११२.

पावसाळ्यात रोज सकाळी एक आकडा बघायची सवय लावा, इथले सगळे बघतात : राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. ३९ झाली की पन्हाळा, जोतिबा, गगनबावड्याच्या सहली रद्द, कारण जाल पण परतीचा रस्ता बंद होईल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवे पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस गावातून बाहेर पडता येत नव्हतं. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. पूर बघायला पुलावर जाऊ नका, पोलीस हाकलतात ते बरोबरच करतात. आणि एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सुचत नाही : एवढं पाणी आलं की सगळ्यात आधी नळ बंद होतो, कारण नदीकाठची उपसा केंद्रंच बुडतात. पातळी चाळीस फुटांवर गेल्याची बातमी ऐकली की बादल्या भरून घ्या, एटीएममधून थोडे पैसे काढून ठेवा, मोबाईल चार्ज करा, आणि काकूंना विचारा, टँकर आला तर तो आपल्या गल्लीत कुठल्या कोपऱ्यावर थांबतो.