जाळ्यांत आलेला परका मासा

माजलगांव येथे सिंदफणा नदीवर जे धरण आहे, त्यास केवळ सिंदफणेचेच पाणी मिळते असे नाही. पैठणच्या नाथसागरांतून निघणारा उजवा कालवा गोदावरीचे पाणीही त्यांत आणून सोडतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानांत धरावी. कारण ज्या वाटेने पाणी येते, त्याच वाटेने पाण्यांतील जीवही येऊ शकतात.

ह्या जलाशयाच्या काठी आमचे एक भोई स्नेही राहतात. त्यांजबरोबर आम्ही जाळे ओढावयास गेलो असतां, रोहू व चिलापी ह्यांच्या जोडीला एक चमत्कारिक प्राणी वर आला. रंग काळपट, त्यावर पिवळसर नक्षी. तोंड पुढे नसून खालच्या अंगास. आणि खवल्यांच्या जागी हाडांचे कठीण चिलखत. त्याच्या परांचे कांटे जाळ्यांत असे गुंतले होते की, तो सोडवितां सोडवितां चार ठिकाणी सूत तुटले.

"मास्तर, ह्यो मासा हाय का सुसर?" स्नेह्यांनी विचारले.

तो मासाच होता. त्यास सकर मासा म्हणतात. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिका. शहरांत हौशी लोक कांचेच्या पेटीत मासे पाळतात. कांचेवर धरलेले शेवाळ हा चाटून खातो, म्हणून त्यास विकत आणतात. पुढे तो हातभर वाढतो, पेटी अपुरी पडते, आणि धनी त्यास जवळच्या नदीत सोडून देतो. मनांत दयाच असते. परंतु तिचे मोल दुसऱ्यास द्यावे लागते.

सोलापूर जिल्ह्यांत भीमेवर 1980 साली पुरे झालेल्या उजनी धरणांत हे मासे फार माजले आहेत. जाळे जड लागते, कोळी आशेने ओढतो, आणि आंत सकर निघतात. अंगावर मांस थोडे, म्हणून बाजारांत गिऱ्हाईक नाही. शिवाय नर काठाच्या मातीत बिळे कोरून त्यांत अंडी राखतो, त्यामुळे कांठ ढासळतात. मेक्सिको देशांतील इन्फिएर्निय्यो जलाशय चिलापीसाठी नांवाजलेला होता. तेथेही सकरांनी कोळ्यांच्या पोटावर पाय आणला.

चिलापीही मूळची आफ्रिकेची, आपल्या देशांत ती 1952 साली आली, हे खरे. तिनेही देशी माशांचे नुकसान केलेच. पण ती निदान विकली जाते व ताटांत पडते.

आम्ही भाकरी खाऊन उठलो तरी तो मासा कोरड्या वाळूवर जिवंतच! स्नेह्यांस त्याची कीव आली. "देवाचाच जीव हाय, द्या सोडून," असे ते म्हणाले. हा मासा हवा गिळून पोटाच्या द्वारे श्वास घेतो, त्यामुळे पाण्याबाहेर तो कित्येक तास टिकतो, हे आम्ही त्यांस सांगितले. आणि उजनीची हकीगतही सांगितली. ते बराच वेळ तुटलेल्या सुताकडे पाहत बसले. मग त्यांनी त्याच्या डोक्यावर एकच नेमका घाव घातला व तो काठापासून दूर पुरला.

असा मासा हाती लागल्यास पुन्हा पाण्यांत टाकूं नये. मत्स्यव्यवसाय खात्याच्या कचेरीस कळवावे. मुले मौजेने तो विहिरीत किंवा गांवतळ्यांत सोडूं पाहतात, त्यांसही आवरावे. भाद्रपदांत ओढा भरला म्हणजे तळे, ओढा व नदी ह्यांचे पाणी एकच होते.