नाताळची माया वर्षभर टिकवण्याची कृती

नाताळात वसईच्या घराघरांतून ताटं निघतात. कुलकुल, करंज्या, केकचे दोन-तीन तुकडे आणि वर विणलेला रुमाल. चार दिवस सगळा शेजार एकमेकांच्या ओटीवर असतो. मग गव्हाणीतल्या मूर्ती कागदात गुंडाळून माळ्यावर जातात आणि ही ये-जाही थांबते. माणसांची माया आटलेली नसते. पुढे कोणाकडे, कधी आणि कशासाठी जायचं, हे ठरलेलं नसतं. ते ठरवण्याची ही कृती आहे. ती घरातल्या सगळ्यांनी मिळून करायची.

साहित्य थोडंच लागतं: एक वही, नव्या वर्षाचं भिंतीवरचं कॅलेंडर आणि झाकणाला चीर पाडलेला एक डबा.

सुरुवात २५ डिसेंबर ते ६ जानेवारी, म्हणजे तीन राजांच्या सणापर्यंत करा. आपली ताटं कोणाकोणाकडे गेली ते वहीत लिहा. त्यातली बहुतेक घरं खाऊनपिऊन सुखी निघतील. आता मत्तयच्या शुभवर्तमानाचा २५वा अध्याय उघडा. भुकेले, तान्हेले, परके, उघडे, आजारी, तुरुंगातले अशी माणसं येशूने तिथे एकेक करून सांगितली आहेत. प्रत्येकापुढे चालत जाता येईल इतक्या अंतरावरचं एखादं घर लिहा. ‘परके’ म्हणजे कदाचित गल्लीच्या टोकाला एकाच खोलीत दाटीवाटीने राहणारे परप्रांतीय कामगार. ‘तुरुंगातले’ या शब्दापुढे कोणी सुचत नसेल, तर धर्मग्रामातल्या फादरांना विचारा. तुरुंगात परवानगीशिवाय जाता येत नाही, पण कैद्याची बायको-मुलं बाहेर असतात आणि त्यांच्याकडे सहसा कोणी फिरकत नाही. शेवटी यादीतली तीन किंवा चारच नावं ठेवा. माझं मत स्पष्ट आहे: लांबलचक यादी ईस्टरआधीचा उपवासकाळ लागण्याआधीच गळून पडते.

मग कॅलेंडर घ्या आणि कोणत्या महिन्यात कोणाची अडचण होते ते त्यावर लिहा. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, शिबिरं कमी होतात आणि रक्तपेढ्यांना रक्त कमी पडतं. रक्तदान त्या महिन्यात करा. पुरुषांनी दोन रक्तदानांत तीन महिन्यांचं आणि स्त्रियांनी चार महिन्यांचं अंतर ठेवायचं, त्या हिशेबाने मागची तारीख मोजा. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, म्हणून वह्या मेअखेरीस पोचवा. पावसाआधी पाड्यावरच्या घराला ताडपत्री द्यायची असेल तर आधी छपराचं माप घ्या. आखूड ताडपत्री पहिल्याच वाऱ्यात उडते.

नोव्हेंबरवर मात्र मोठी खूण करा. तो पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना. ऐंशी ओलांडलेल्या केंद्र सरकारच्या पेन्शनरांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. उभं आयुष्य राबलेल्या हातांच्या रेषा झिजतात. मग म्हातारा माणूस यंत्रावर बोट पुन्हा पुन्हा दाबत राहतो आणि मागची रांग चुळबुळू लागते. २०२१पासून हे काम मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं. जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन अ‍ॅप आपल्या फोनवर आधीच घेऊन ठेवा. आजोबांकडून आधार कार्ड, पेन्शन आदेशाचा (पीपीओ) नंबर आणि पेन्शन खात्याचा तपशील समोर मागून घ्या. त्यांना खिडकीकडे तोंड करून बसवा, चष्मा काढायला सांगा, सूचना येईल तेव्हा पापण्या मिटायला सांगा. दाखला निघाला की त्याचा क्रमांक कागदावर लिहून त्यांच्या हाती द्या. त्यांचे आधार नंबर, खाते नंबर आपल्या वहीत उतरवू नका.

भेटीला जाताना दोघांनी जा. १८३३मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांनी सुरू केलेल्या व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची हीच रीत आहे. एक जण बोलतो तेव्हा दुसऱ्याला घर नीट दिसतं. फोटो काढू नका. अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तर त्याची सेवा करणाऱ्या सुनेला किंवा लेकीला महिन्यातून दोनदा दुपारची मोकळीक द्या. ती बाजारात जाईल, देवळात जाईल किंवा नुसती झोपेल. त्याआधी कूस कशी बदलायची ते तिच्याकडून शिकून घ्या. साधारण दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, आणि त्या लवकर भरत नाहीत.

डबा जेवणाच्या टेबलाजवळ ठेवा. उपवासकाळात मटण-मासळीचे वाचलेले पैसे त्यात टाका. कोणी किती टाकले ते बघायचं नाही; व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या बैठकीतही पिशवी अशीच गुपचूप फिरते.

यानंतरची पायरी सर्वांत जड आहे आणि ती पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या सणाआधी करायची. बांधावरून किंवा वाटणीवरून ज्या भावकीशी बोलणं तुटलंय, त्यांच्या घरी एकदा जायचं. वेदीवर अर्पण वाहण्याआधी भावाशी समेट करायला येशूने सांगितलं आहे, तेव्हा वर्षभराची बाकी सगळी भूतदया करूनही हे टाळता येणार नाही. वकिलाचा, मोजणीचा, सातबाऱ्याचा विषय काढू नका. वहिनीचे गुडघे कसे आहेत, पोराला नोकरी लागली का, एवढंच विचारा आणि चहा ठेवला तर घ्या. दार उघडलं नाही तर निरोप ठेवून परत या. त्यांच्याकडच्या पुढच्या लग्नाला किंवा मयताला पुन्हा जा.

नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी वही उघडून बसा. जे राहून गेलं ते पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरवर उतरवा. यादी मुलांना मोठ्याने वाचायला सांगा आणि एकेक घर त्यांच्याकडे सोपवा. अ‍ॅपवर चेहरा कसा धरायचा हे तरी ती आपल्यापेक्षा लवकर शिकतात.