स्टेंट बसला, पण पंपिंग किती?

विहारात रविवारी बी.पी. तपासायला बसले की कुणीतरी हमखास विचारतं, "सिस्टर, अँजिओप्लास्टी झाली, आता धोका टळला ना?" मी आधी फाईल मागते.

परभणीतले आपले बरेच लोक अँजिओप्लास्टीसाठी नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला जातात. महात्मा फुले योजनेतून काम होतं, फाईल घरी येते आणि पेटीत जाते. तिच्यात टूडी इकोचा कागद असतो. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. सुई नाही, दुखत नाही. त्यावर 'ई.एफ.' असं लिहून पुढे एक आकडा असतो. त्यालाच आपण पंपिंग म्हणतो.

हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती टक्के बाहेर फेकलं जातं, तो हा आकडा. ५५ ते ७० चांगला. ६० आला म्हणजे ४० टक्के हृदय खराब, असं समजून रडणारे लोक मी पाहिलेत. तसं नसतं. ४० च्या खाली मात्र जपायचं. स्टेंटने नळी उघडते, पण अटॅकमध्ये मेलेला स्नायू परत येत नाही. पंपिंग जितकं कमी, तितका पुढे धाप, सूज आणि ठोके बिघडण्याचा धोका जास्त.

आमच्या वस्तीतल्या एका गवंडी दादांच्या कागदावर ३० होतं. कुणी समजावलं नव्हतं. छातीतलं दुखणं थांबलं म्हणून दीड महिन्यात ते सिमेंटची पोती उचलायला लागले, गोळ्याही सोडल्या. पाय सुजले तर घरचे म्हणाले वात आहे. रात्री तीन उशा लावल्याशिवाय झोप येईना, तेव्हा माझ्याकडे आले. औषधं पुन्हा सुरू झाली आणि तीन महिन्यांनी इकोत ३८ आलं. आता ते प्लास्टरचं हलकं काम करतात.

अटॅकनंतर काही स्नायू नुसता बधिर झालेला असतो, तो काही आठवड्यांत सावरतो. म्हणून दीड ते तीन महिन्यांनी इको पुन्हा करायचा. औषधं घेऊनही आकडा ३५ किंवा त्याखाली राहिला, तर ठोके अचानक बिघडू नयेत म्हणून छातीत मशीन बसवायचं का, हे डॉक्टरांना विचारा. हृदयाच्या टोकाला रक्ताची गाठ दिसली तर रक्त पातळ करणारं वेगळं औषध लागतं, नाहीतर लकवा होऊ शकतो.

पण स्टेंट आतून बंद होतोय का, हे साध्या इकोत थेट दिसत नाही. तो बंद पडण्याचं एक मोठं कारण म्हणजे ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल मध्येच सोडणं. दात काढायचा असला तरी आपल्या मनाने बंद करू नका. छातीत पुन्हा दाबल्यासारखं झालं, घाम फुटला, तर इकोच्या तारखेची वाट न बघता १०८ ला फोन करा.

रविवारी येताना जुना आणि नवा, दोन्ही इकोचे कागद आणा. आकडे शेजारी ठेवून बघू.