पिकअपचे ॲव्हरेज : हिशेब कसा मांडावा?

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या कापड बाजारात आज अनेक व्यापाऱ्यांकडे स्वतःची पिकअप असते. 2005 साली टाटाची एस, म्हणजे आपला 'छोटा हाथी', आली आणि लहान व्यापारीही गाडीमालक झाला. पण गाडीबरोबर एक भांडणही दारात येते. कंपनीने सांगितलेले ॲव्हरेज मिळत नाही, आणि संशय ड्रायव्हरवर जातो. पुराव्याशिवाय कोणाच्या इमानावर बोट ठेवणे बरे नव्हे. आधी हिशेब नीट मांडला पाहिजे.

कंपनीचा आकडा ठरावीक चाचणीतला असतो. त्यात आपल्या गाठींचे वजन, कसारा घाट, भिवंडीतली वाहनांची कोंडी हे काही नसते. म्हणून आपला आकडा आपणच काढावा. टाकी पूर्ण भरावी, नोझल आपोआप बंद झाली की थांबावे आणि किलोमीटर लिहून घ्यावेत. तीन-चार खेपांनंतर त्याच पंपावर पुन्हा तशीच टाकी भरावी. मधले किलोमीटर भागिले मध्ये आणि शेवटी भरलेले एकूण लिटर, हे खरे ॲव्हरेज. डॅशबोर्डचा काटा पाहून केलेला अंदाज हिशेबात धरू नये. प्रत्येक खेपेचे वजनही वहीत हवे.

वजन का, ते पाहा. समजा, मालेगावहून भिवंडीला दीड टन कोरे कापड गेले. अंतर अडीचशे किलोमीटर धरू. भरलेली गाडी लिटरला 10 किलोमीटर आणि रिकामी 14 चालते असे माना. जाताना 25 लिटर, रिकामे येताना सुमारे 18, एकूण 43 लिटर. डिझेल 90 रुपये धरले तर 3,870 रुपये, म्हणजे किलोमागे 2 रुपये 58 पैसे. आता परतीला दीड टन सूत मिळाले तर 50 लिटर, 4,500 रुपये लागतील. पण माल तीन टन झाला. किलोमागे दीड रुपया! गंमत अशी की वहीत ॲव्हरेज साडेअकरावरून 10 वर घसरलेले दिसेल, आणि मालक ड्रायव्हरला बोल लावील. वास्तविक त्या खेपेत फायदाच झाला. आपल्या धंद्यात मीटरमागे काही पैशांवर सौदा ठरतो, तिथे हा फरक लहान नाही.

याचा अर्थ पासिंगपेक्षा जास्त माल भरावा, असा मात्र कोणी घेऊ नये. टायर, ब्रेक आणि दंड यांत वाचलेले सगळे जाते.

दुसरी गोष्ट घाटाची. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की डिझेल वाचते, असा समज जुन्या ड्रायव्हर मंडळींत पक्का आहे. नव्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात तो उलटा आहे. गाडी गिअरमध्ये असून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला डिझेल जाणेच थांबते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहते. शिवाय गिअरची पकड सुटल्याने सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर लागत नाहीत. काही जण तर इंजिनच बंद करतात. मग ब्रेक आणि स्टिअरिंगची मदतही जाते. दीड टन माल मागे असताना हा जिवाशी खेळ आहे. ड्रायव्हरला ॲव्हरेजवर बक्षीस लावणाऱ्या मालकांनी हे आधी बजावून सांगावे, नाहीतर बक्षिसासाठीच तो असे करील.

वेगाचेही तसेच. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. केबिनच्या वर रचलेल्या गाठी आणि फडफडणारी ताडपत्री त्यात भर घालतात. माल शक्यतो केबिनच्या उंचीत रचावा, ताडपत्री ताणून बांधावी.

टायरमधील हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. माल उतरताना तासभर इंजिन चालू ठेवण्याची सवय असेल तर ती बंद करावी. आणि वही ड्रायव्हरपासून लपवू नये. दर महिन्याला त्याच्यासमोर बसून बेरीज करावी.