माऊसची नजर

मुलांनो, माऊस म्हणजे उंदीर. उर्दूत आपण त्याला चूहा म्हणतो. संगणकाच्या माऊसला हे नाव पडले, ते त्याच्या वायरीमुळे. ती वायर शेपटीसारखी दिसत असे. आता बिनवायरीचे माऊस आले आहेत. शेपटी गेली, नाव मात्र राहिले.

समजा, तुम्ही ईदीचे पैसे साठवले आहेत. संगणकावर खेळ खेळण्यासाठी तुम्हांला एक चांगला माऊस घ्यायचा आहे. दुकानदार तुमच्यापुढे दोन खोकी ठेवतो. एका खोक्यावर लिहिले आहे, ३,२०० डीपीआय. दुसऱ्यावर मोठ्या रंगीत अक्षरांत लिहिले आहे, १२,००० डीपीआय. किंमत जवळजवळ सारखीच. तुम्ही कोणते खोके उचलाल? बहुतेक जण दुसरे उचलतील. पण जरा थांबा. पैसे देण्यापूर्वी माऊसला दिसते कसे, ते समजून घेऊ या.

पहिला माऊस लाकडी होता! अमेरिकेतील डग्लस एंगलबार्ट यांना त्याची कल्पना सुचली आणि १९६४ साली त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी तो तयार केला. लाकडी पेटीखाली धातूची दोन चाके होती. एक चाक उभी हालचाल मोजी, दुसरे आडवी. पुढे चाकांच्या जागी गोळी आली. गोळीचा माऊस पुष्कळ वर्षे चालला. पण टेबलावरची धूळ आणि कापसाचे तंतू त्या गोळीबरोबर आत जात आणि माऊस अडखळू लागे. मग गोळी काढायची, आतले रूळ नखाने खरवडायचे, असा उद्योग करावा लागे. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांपैकी कोणी त्या काळी संगणकावर काम केले असेल, तर त्यांना विचारून पाहा. ते हसतील.

१९९९ साली कोणत्याही साध्या टेबलावर चालणारा प्रकाशाचा माऊस बाजारात आला. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या त्या माऊसमध्ये चाक नव्हते, गोळीही नव्हती. त्याच्या पोटाखाली एक दिवा आणि एक छोटा कॅमेरा होता. हा कॅमेरा एका सेकंदात १,५०० छायाचित्रे घेत असे. या कॅमेऱ्यालाच सेन्सर म्हणतात. आजच्या चांगल्या सेन्सरचा वेग याच्या कितीतरी पट आहे.

छायाचित्रांवरून हालचाल कशी कळते? आपण सोलापूरचे. तेव्हा सोलापुरी चादरीचेच उदाहरण घेऊ. एका पुठ्ठ्याला लहान भोक पाडा. नक्षीच्या चादरीवर तो पुठ्ठा ठेवा आणि भोकातून पाहा. तुम्हांला एक फूल दिसेल. आता पुठ्ठा हळूच उजवीकडे सरकवा. फूल डावीकडे गेलेले दिसेल. फूल किती सरकले, त्यावरून पुठ्ठा किती सरकला हे तुम्ही सांगू शकता. सेन्सरही असेच करतो. टेबलावरचे बारीक खळगे, रेषा, तंतू हीच त्याची फुले. आधीचे चित्र आणि नंतरचे चित्र तो ताडून पाहतो. (चादर, नक्षी, दुकान हे शब्द उर्दूतही आहेत आणि मराठीतही आहेत, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.)

आता हाच पुठ्ठा कोऱ्या पांढऱ्या चादरीवर ठेवा. सरकवला तरी भोकातून सगळे पांढरेच दिसेल. काचेच्या टेबलावर माऊसची अशीच पंचाईत होते. तिथे त्याला खूण सापडत नाही. म्हणून बहुतेक माऊस काचेवर भरकटतात. दोष नेहमी माऊसचाच असतो असे नाही.

आता त्या डीपीआयकडे वळू. माऊस एक इंच सरकला की सेन्सर किती पावले मोजतो, तो हा आकडा. ८०० डीपीआय म्हणजे एका इंचात ८०० पावले. कापडाच्या गावाला हा हिशेब नवा नाही. कापड पारखणारा माणूस कापडावर भिंग ठेवतो आणि एका इंचात किती धागे आहेत ते मोजतो. धागे जास्त म्हणजे वीण दाट. पण केवळ धागे मोजून तो कापड घेत नाही. सूत कसे आहे, वीण सारखी आहे का, रंग पक्का आहे का, हेही तो पाहतो.

सुताचा नंबर घ्या. नंबर जितका मोठा, तितके सूत बारीक. म्हणून मोठ्या नंबरचे सूत नेहमीच चांगले का? थंडीत पांघरायच्या चादरीला जाडच सूत हवे. मलमलीच्या सुताची चादर अंगावर घेऊन डिसेंबरची रात्र काढून पाहा!

माऊसचेही तसेच आहे. तुमच्या संगणकाचा पडदा १,९२० ठिपके रुंद आहे असे धरू. एक पाऊल म्हणजे एक ठिपका. ८०० डीपीआयवर बाण या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायला माऊस २.४ इंच सरकवावा लागेल. १,६०० वर १.२ इंच. आणि १२,००० वर? फक्त ०.१६ इंच, म्हणजे सुमारे ४ मिलिमीटर! बोट थरथरले तरी बाण कुठल्या कुठे जाईल. म्हणून खेळात तरबेज असलेली पुष्कळ मंडळी आपला माऊस ४०० ते १,६०० च्या दरम्यानच ठेवतात. मग खोक्यावरच्या १२,००० चा उपयोग काय?

१२,००० हा आकडा खोटाच असतो, असे मात्र समजू नका. तैवानमधील पिक्सआर्ट कंपनीचा ३३६० नावाचा सेन्सर खरोखर १२,००० पर्यंत जातो आणि तो उत्तम सेन्सर आहे. पण स्वस्त माऊसमध्ये वेगळीच गंमत असते. सेन्सर स्वतः समजा ३,००० पावलेच मोजू शकतो. मग त्या प्रत्येक पावलाला चारने गुणून १२,००० दाखवतात. पावले वाढली, नजर तेवढीच राहिली. खळ घालून जाड केलेले कापड तुम्ही पाहिले असेल. दुकानात ते भारी लागते. पहिल्या धुण्यात खळ निघून जाते आणि हातात राहते विरळ कापड. हा आकडाही खळ घातलेलाच.

तेव्हा खोक्यावर दुसरी एक गोष्ट शोधा. ती बहुधा लहान अक्षरांत असते, किंवा नसतेच. ती म्हणजे सेन्सरचे नाव. नाव लिहिले असेल तर त्याचा वेग किती ते पाहता येते. हा वेग सेकंदाला किती इंच, असा सांगतात. ३३६० चा वेग २५० इंच आहे, म्हणजे सेकंदाला सहा मीटरांहून अधिक. तुमचा हात एवढ्या जोरात फिरणे कठीणच. उलट ज्या सेन्सरचा वेग ३० इंच असतो, तो सेकंदाला पाऊण मीटरपर्यंतच साथ देतो. खेळात एकदम मागे वळायचे असते. तुम्ही हाताला झटका देता आणि सेन्सरची दोन चित्रे एकमेकांशी जुळतच नाहीत. बाण आकाशाकडे नाही तर जमिनीकडे पळतो. खेळ तिथेच संपतो.

दुसरा आकडा हर्ट्‌झचा. माऊस संगणकाला सेकंदातून किती वेळा खबर देतो, ते त्यावरून कळते. १२५ हर्ट्‌झ असेल तर दर ८ मिलिसेकंदांनी एकदा, १,००० असेल तर दर मिलिसेकंदाला. खेळासाठी १,००० असावे. त्याहून पुढचे आकडे आता मिळतात, पण माझ्या मते त्यांसाठी जादा पैसे मोजण्याची गरज नाही.

दुकानदार माऊस लावून दाखवत असेल, तर फार चांगले. नाहीतर घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी तपासा. आधी विंडोजच्या माऊसच्या पानावर जाऊन ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ ही खूण काढून टाका. ती असेल तर हात जोरात फिरला की संगणक स्वतःच बाण जास्त पळवतो आणि आपण उगाच माऊसला बोल लावतो. मग माऊसच्या कडेला पट्टी ठेवा. बाण पडद्यावर कुठे आहे ते नीट पाहून ठेवा. माऊस पट्टीला धरून, बाण पडद्याच्या कडेला टेकणार नाही इतकाच, सावकाश न्या आणि झटकन मूळ जागी आणा. बाण पूर्वीच्या जागेच्या अगदी जवळ आला पाहिजे. तो दर वेळी दूर राहत असेल, तर सेन्सर वेगात मोजणी चुकतो.

नंतर चित्र काढण्याचा ‘पेंट’ उघडा. हाताने जराशी तिरपी रेघ ओढा. तुम्ही तिरपी ओढता आणि पडद्यावर ती आपोआप सरळ होते, असे घडते का? काही माऊस अशी लबाडी करतात. अक्षर घोटणाऱ्याला सरळ रेघ बरी वाटेल, खेळणाऱ्याला मात्र ती फसवते; कारण नेम जिथे धरला तिथे लागत नाही. मग डीपीआय वाढवून एक गोल काढा. गोलाची कड पायऱ्यापायऱ्यांची, थरथरणारी दिसली, तर तेवढा डीपीआय त्या सेन्सरला झेपत नाही, असे समजा.

ही पारख फक्त खेळापुरती नाही. चादरीवरची नक्षी जॅकार्ड यंत्रावर उमटते. फ्रान्समधल्या जोसेफ जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास हे यंत्र तयार केले. त्यात भोके पाडलेले पुठ्ठे असत आणि कोणता धागा उचलायचा ते या भोकांवरून ठरे. भोकांच्या पुठ्ठ्यांची हीच युक्ती पुढे संगणकाच्या कामी आली. आता नक्षी संगणकावरही काढतात. पडद्यावर चौकटी असतात आणि एकेका चौकटीत रंग भरावा लागतो. तिथे बाण एक चौकट इकडेतिकडे गेला की नक्षीत चूक राहते आणि तीच चूक प्रत्येक चादरीत विणली जाते. तुमच्या घरी यंत्रमाग असेल, तर अशा एका चुकीची किंमत काय असते, हे मी सांगायला नको.

एवढे पाहिल्यावर शेवटी माऊस हातात धरा. तळवा पूर्ण टेकतो की फक्त बोटे लागतात? तुमचा हात अजून वाढायचा आहे; मोठ्या भावाच्या हाताला बसणारा माऊस तुमच्या हाताला बसेलच असे नाही. पाच मिनिटे धरून मनगट दुखू लागले, तर सेन्सर कितीही चांगला असो, तो परत ठेवा. दोन्ही बटणे दहा-दहा वेळा दाबून पाहा. एकदा दाबल्यावर दोनदा वाजता कामा नये. आणि पावती मागायला विसरू नका.