घाट लागायच्या आधी गिअर टाक

सांगली

चि. सोनूस,


पत्र पोचलं. नवी रोड बाईक हलकी आहे, हँडल नुसतं मनात आणलं तरी वळतं, कोरेगावच्या रस्त्याला तिला पंख फुटतात, हे वाचून फार बरं वाटलं. पण यवतेश्वरच्या घाटात पाय भरून आले तरी तू पुढच्या मोठ्या चक्रावरच रेटत राहिलीस, कारण सोबतची मुलं म्हणाली की लहान चक्र कच्च्या लोकांसाठी असतं. आजचं पत्र त्यावरच आहे.

सांगलीत सायकल शिकलेल्या माणसाला गिअरचं महत्त्व उशिरा कळतं, यात नवल नाही. विश्रामबागेतून मिरजेला जा, हरिपूरच्या संगमावर जा, नाहीतर आयर्विन पूल ओलांडून सांगलवाडीला जा. रस्ता सरळ, सपाट. फार तर समोरून वारा येतो, नाहीतर हंगामात उसाच्या ट्रॉल्या आडव्या येतात. एकाच गिअरवर जन्म काढता येतो. तुझ्या साताऱ्यात मात्र शहर संपलं की चढ सुरू. कासचं पठार साधारण २५ किलोमीटरवर, आणि तिथं पोचेपर्यंत तू पाचशे मीटरच्या आसपास वर गेलेली असतेस. त्यातला मोठा वाटा सुरुवातीच्या घाटातच वसूल होतो.

आता हिशेब बघ. तुझ्या सायकलला पुढे ५० आणि ३४ दात्यांची दोन चक्रं आहेत, मागे ११ पासून २८ दात्यांपर्यंतच्या चक्रांची कॅसेट. चाकाचा घेर धर २.१ मीटर. ५० ला ११ लावलंस तर पायडलच्या एका फेरीत सायकल साडेनऊ मीटर पुढे जाते. ३४ ला २८ लावलंस तर अडीच मीटरच. तू, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून जे वजन होईल ते पाचशे मीटर वर उचलायचंच आहे, त्यात गिअर छटाकभरही सूट देत नाही. ते ओझं किती फेऱ्यांत वाटून उचलायचं, एवढंच तो तुला ठरवू देतो. कमी फेऱ्यांत उचललंस तर प्रत्येक फेरीचा भार गुडघ्यावर पडतो. जास्त फेऱ्यांत उचललंस तर धाप लागते. धाप पाच मिनिटं थांबलं की उतरते. दुखावलेल्या गुडघ्याचं तसं नसतं, महिने जातात.

म्हणून वेगाच्या आकड्याकडे कमी बघ आणि पायांच्या फेऱ्या मोज. सपाटीवर मिनिटाला ऐंशीच्या पुढे, घाटात साठ-सत्तरच्या खाली नको. घाटात तुझा वेग ताशी आठवर आला, तर ३४-२८ वरसुद्धा फेऱ्या बावन्नच होतात. म्हणजे सर्वांत हलका गिअर टाकूनही पाय जडच राहणार. कॅसेट ११-३२ ची बसवली तर त्याच वेगाला साठ फेऱ्या मिळतील. फरक कागदावर लहान दिसतो, पण चौथ्या-पाचव्या वळणावर तोच तुला उतरू देत नाही.

आणि त्या मुलांना एक सांग. टूर द फ्रान्स १९०३ साली सुरू झाली, पण ती सुरू करणाऱ्या हेन्री देग्रांजचा डिरेलरला, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेला, विरोध होता. शर्यतपटूंच्या मागच्या चाकाला दोन बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रं असायची. घाटाच्या पायथ्याशी उतरायचं, चाक काढायचं, उलटं करून बसवायचं आणि मग चढायचं. १९३७ साली डिरेलरला परवानगी मिळाली. आज तर जगातले अव्वल सायकलपटूसुद्धा डोंगरातल्या टप्प्यांना मागे ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट लावतात. आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. त्याने कुठला गिअर टाकला होता हे कोणी विचारत नाही.

गिअर टाकायची वेळही महत्त्वाची. चढ लागला, पाय अडकले, आणि मग पुढचं चक्र बदलायला गेलीस तर चेन ताणात असते. ती कुरकुरते, कधी उतरूनही पडते. वळणापलीकडचा चढ दिसला की सपाटीवरच ३४ वर ये, मागे दोन चक्रं लहानाकडे सरक म्हणजे पाय एकदम मोकळे सुटणार नाहीत, आणि चढ वाढेल तसं एकेक मोठं चक्र घे. बदलताना पायडल फिरत राहू दे, पण अर्धी फेरी जोर सोड.

चेन करकरते असं लिहिलंस, त्याची दोन कारणं असू शकतात. ५० वर असताना मागे २८ लावलंस तर चेन तिरकी पडते आणि घासते. तशी जोडी टाळ. दुसरं, नव्या सायकलची गिअरची केबल पहिल्या काही आठवड्यांत बसते, म्हणजे किंचित सैल पडते. मग मोठ्या चक्रावर चढताना चेन आढेवेढे घेते. मागच्या डिरेलरमध्ये केबल शिरते तिथं एक खाचांची छोटी टोपी आहे. मागून बघत ती घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरी फिरव, पायडल फिरवून गिअर टाकून बघ, लागलं तर आणखी पाव. स्क्रू ड्रायव्हर घेऊन बाजूच्या दोन स्क्रूंना मात्र हात लावू नकोस. ते चेन किती बाहेर-आत जावी याची हद्द ठरवतात.

उतरताना हात खालच्या वाकलेल्या हँडलवर ठेव, ब्रेक वळणाआधी लाव, वळणात नाही. पावसाळ्यात यवतेश्वरचा रस्ता धुक्यात बुडतो आणि कडेला शेवाळं धरतं. ओल्या रिमवर ब्रेक पकडायला वेळ लागतो. कासच्या फुलांच्या हंगामात तर गाड्यांची रीघ असते, तेव्हा पहाटे जा किंवा जाऊच नकोस.

कॅसेट लगेच विकत घेऊ नकोस. ३२ ची बसायला मागच्या डिरेलरचा चेन ताणून धरणारा पिंजरा लांब लागतो, चेनही थोडी लांब घ्यावी लागते. आखूड पिंजऱ्यावर बसवली तर चेन ताणून काहीतरी मोडू शकतं. डिरेलरच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत नंबर कोरलेला असतो. तो पुसून, वाचून मला कळव. बसणार असेल तर इथूनच घेऊन ठेवतो, दिवाळीला आलीस की दोघं मिळून बदलू.

तुझा,
मामा